चिंध्यांच्या गोधडीला खालून बेस कशाचा लावायचा

माझ्या मशीनखाली एक गोणी पडलेली राहते, त्यात फक्त चिंध्या. ब्लाऊजची कातरण, पडद्याच्या कडा, लेकीच्या फ्रॉकचा उरलेला घेर, एक बोट रुंदीपासून चार बोटांपर्यंत काहीही. या लांब लांब पट्ट्या नुसत्या एकीला एक जोडत गेलात तर पाचव्या पट्टीला ब्लॉक (असे चौकोनी तुकडे जोडूनच गोधडी होते) केळीच्या पानासारखा वाकडा होतो, कारण एक पट्टी उभ्या धाग्यावर कापलेली, दुसरी उरेब म्हणजे तिरपी कापलेली, तिसरी टेरिकॉट, आणि प्रत्येकीचं ताणणं वेगळं. म्हणून खाली एक चौकोन ठेवायचा आणि सगळ्या पट्ट्या त्याच्यावरच शिवायच्या, तो चौकोन म्हणजे बेस. पट्ट्यांचा गोंधळ तो सांभाळून घेते, आपल्याला फक्त तो नीट निवडायचा राहते, आणि लोक नेमकं तिथंच जे हाताला लागलं ते लावून मोकळे होतात (मीपण व्हायची).

ज्यांनी कधीच केलं नाही त्यांच्यासाठी कृती पटकन सांगते. बेसचा चौकोन घ्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारा, पहिली पट्टी त्या रेघेवर सुलट बाजू वर करून ठेवा, खाली ग्लूस्टिकचा एक ठिपका चालतो. दुसरी पट्टी पहिलीवर उलटी ठेवा, कडेला कड, पाव इंच माया (शिवणीबाहेर सोडायचा कपडा) धरून टीप मारा, मग दुसरी पट्टी उघडून नखानं दाबा किंवा इस्त्री फिरवा. असंच दोन्ही बाजूंनी कोपऱ्यापर्यंत जायचं. शेवटी ब्लॉक पालथा करून बेसच्या कडेनं बाहेर आलेलं सगळं छाटून टाका. असे चार ब्लॉक फिरवून जोडले की मधे शंकरपाळ्यासारखा आकार तयार होते, आणि मधली पट्टी सगळ्या ब्लॉकना एकाच रंगाची ठेवली तर तो आकार लांबूनही उठून दिसते.

आता बेस. दुकानात जायच्या आधी स्वतःला एकच विचारायचं: हा बेस गोधडीत कायमचा राहणार की मी तो फाडून काढणार? बाकी सगळं यावरून ठरते. राहणार असेल तर तो गोधडीचा एक थर झाला, त्याचं वजन, त्याचं आटणं, त्याचा रंग सगळं तुमच्या अंगावर येणार. काढणार असाल तर तो फक्त शिवेपर्यंत टिकला म्हणजे झालं, पण काढायचं काम तुमच्याच गळ्यात आहे, आणि ते काम किती आहे हे पहिली गोधडी होईस्तोवर कोणालाच पटत नाही.

कागदाचं आधी सांगून टाकते कारण तो फुकट आहे. पेपरची रद्दी सगळ्यांच्या घरी, पातळ, झटकन फाटणारी. अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या मंदीत बायका अशाच वर्तमानपत्रांवर चिंध्यांचे ब्लॉक शिवायच्या, आणि ज्या गोधड्यांमधला कागद काढायचा राहून गेला त्या कागदावरच्या तारखेवरून आज कळते की ही गोधडी त्याच्या आधीची तरी नाही. पण रद्दीची शाई हाताला लागते तशीच कपड्याला लागते. मी एकदा पांढऱ्या पॉपलिनच्या पट्ट्या अशा शिवल्या आणि वरून गरम इस्त्री फिरवली, तर पांढरीवर राखाडी डाग, दोन धुण्यांत फिका पडला पण पूर्ण गेला नाही. गडद पट्ट्या असतील तर रद्दी वापरा खुशाल, पांढऱ्या-क्रीम असतील तर नका.

झेरॉक्सचा ए-फोर कागद स्वच्छ राहते, पण ७०–८० जीएसएमचा तो जाड कागद फाडताना टाके ओढले जातात. आणि त्याची रुंदी २१ सेंटीमीटर, म्हणजे सव्वाआठ इंचाच्या आसपास, त्यामुळे त्यातून सव्वाआठ इंचाच्या वरचा चौकोन निघतच नाही. बटर पेपर चांगला, आरपार दिसते म्हणून रेघ दोन्हीकडून कळते, फक्त त्यावर कपडा सरकते, पिना लावाव्या लागतात. संक्रांत झाली की आमच्या गल्लीत फाटक्या पतंगा पडून राहतात, तो पतंगी कागद पाहून मला वाटलं होतं की बाप्पा, हे तर सोनं सापडलं, इतका पातळ! पण तो सुईच्या रांगेवर शिवता शिवताच फाटते, आणि इस्त्रीवर पाणी मारलं की त्याचा गुलाबी रंग कपड्यात उतरते. दुकानाच्या बिलाचा रोल पट्टीसारखा लांब असते म्हणून कोणी सुचवेल, तोही नको, तो गरमीनं उमटणारा कागद आहे, इस्त्री लागली की काळा पडते.

कागदावर शिवताना टाका बारीक ठेवा, दीड मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे इंचाला १६–१७ टाके. सुईनं कागदाला जवळजवळ भोकांची रांगच पडते आणि तो पोस्टाच्या तिकिटासारखा सुटते. टाका मोठा ठेवला की कागद ओढताना शिवणच उसवते. सुई १४ किंवा १६ नंबरची, आणि ती सुई नंतर चांगल्या कपड्याला वापरायची नाही, कागदानं बोथट झालेली राहते, मी तिच्या दांड्याला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवते. फाडताना आधी शिवणीवर कागदाला घडी घालायची, अंगठ्यानं टाके दाबून धरायचे आणि मग बाजूला ओढायचं, वर ओढायचं नाही. कडेची पट्टी उरेब असेल तर ब्लॉक एकमेकांना जोडेपर्यंत कागद काढूच नका, नाहीतर कड लांबते आणि ज्यासाठी बेस लावला तेच गेलं. एका गोधडीच्या ८८ ब्लॉकचा कागद फाडून झाला की दिवाणखान्यात जे कागदाचे तुकडे उडतात ते पंख्याखाली आठवडाभर सापडत राहतात.

म्हणून माझं मत विचाराल तर अंगावर घ्यायच्या गोधडीला कपड्याचा बेस, तोसुद्धा जुन्या सुती कपड्याचा. मला अजून याहून बरं काही सापडलं नाही. आजीचं सुती लुगडं, बाबांचं धोतर, पंधरा वर्षं वापरलेली चादर. त्याला जेवढं आटायचं तेवढं ते आटून बसलेलं राहते, रंग जायचा तो गेलेला, खळ कधीच निघून गेलेली, आणि सुई त्यातून लोण्यासारखी जाते, हातानं धावदोरा घालायचा असेल तर हे फार महत्त्वाचं आहे कारण बेस आला की एक थर वाढला आणि नव्या जाड कपड्यात बोटं दुखतात. फक्त घ्यायच्या आधी लुगडं उजेडासमोर धरून पाहा. जिथून उजेड जास्त येते, म्हणजे बसायच्या जागी आणि घडीवर, तिथं सूत विरलेलं आहे, तो भाग सोडून द्या. मग दोन्ही हातात धरून अंगठ्यांनी ओढा, चर्र आवाज आला तर ते पायपुसण्याला जाऊ द्या. काठाचा लाल किंवा हिरवा भाग असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालात दाबून पाहा, रुमालाला रंग लागला तर काठ कापून बाजूला.

छापील चादर घेत असाल तर एक गंमत पाहा, तिच्यावर फिकी पट्टी ठेवून खिडकीपाशी न्या. खालची फुलं वरून दिसली तर ती चादर फक्त गडद पट्ट्यांसाठी.

घरात जुनं काही नसेल तर नवं घ्या, मांजरपाट किंवा मलमल. आपलं नागपूर म्हणजे कापसाचा मुलूख, १८७७ साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल इथं उभी केली त्याचं एक कारण कापूस हाताशी होता हेच, त्यामुळे इथं सुती कपडा शोधायला लांब जायची गरज नाही. गांधीबागच्या ठोक बाजारात गेलं की दुकानदार पहिलं विचारते, "ताई, कशासाठी पाहिजे?" तेव्हा गोधडीसाठी म्हटलं की तो जाडजूड कपडा काढते, त्याला वाटते मजबूत पाहिजे. तुम्ही सांगा, "भाऊ, पातळ मांजरपाट दाखवा, अस्तरासारखा." बोटं मागं धरली की बोटांची सावली दिसली पाहिजे, एवढा पातळ.

मांजरपाट आणल्याबरोबर कापू नका. त्यात खळ राहते आणि तो चांगलाच आटते. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी ते पाणी पिवळसर आणि बुळबुळीत निघते, मग साबणानं धुऊन वाळवा. किती आटते हे पाहायचं असेल तर आधी १० इंचाचा एक चौकोन कापून तेवढाच धुऊन मोजा. मी एकदा घाईत हे केलं नाही, पहिल्याच धुण्यात सगळे ब्लॉक आतून आवळले आणि वरच्या पट्ट्यांना पापडासारख्या लाटा आल्या. ती गोधडी आता गाडीच्या डिक्कीत आहे.

मलमल अंगाला सगळ्यात छान, पण कापताना पळते, चौकोन कापला की पतंगासारखा तिरपा होते. तिला साबुदाण्याची पातळ खळ द्या, अर्धवट ओली असताना इस्त्री करा, मग कापा. ब्लॉक झाल्यावर खळ धुऊन टाकायची मात्र आठवण ठेवा, खळीचा कपडा पेटीत ठेवला की कसर लागते.

कपड्याच्या बेसला टाका नेहमीचा, अडीच मिलीमीटर, सुई ११ किंवा १४. आणि चौकोन हवा त्याहून अर्धा इंच मोठा कापायचा, कारण शिवता शिवता तो थोडा आवळते, शेवटी मोजपट्टी लावून मापात छाटायचा. माझा हिशेब असा: बेस साडेआठ इंचाचा, छाटून ८, जोडल्यावर साडेसात. आडवे ८ आणि उभे ११ लावले की ८८ ब्लॉक, ६० बाय साडेब्याऐंशी इंच, एका माणसाच्या दिवाणाला बरोबर. ३६ इंची पन्ह्यात (कपड्याच्या रुंदीत) एका रांगेत ४ चौकोन बसतात, म्हणजे २२ रांगा, पावणेपाच मीटर, आणि आटणं धरून सव्वापाच मीटर घ्या.

आता कोणता बेस अजिबात नको. जुनी सिंथेटिक साडी, जॉर्जेट असो की शिफॉन, शिवताना सरकते आणि इस्त्रीला आकसते. टी-शर्टचा होजिअरी कपडा ताणते, बेस ताणला तर बेस कशाला म्हणायचं. कॉलरचा बक्रम लावलात तर गोधडी नाही, पुठ्ठा तयार होईल. पातळ नॉनवोव्हन पेस्टिंग (कडकपणा यायला कपड्याला आतून लावतात ते न विणलेलं कापड) भिंतीवर लावायच्या तुकड्याला किंवा पिशवीला चालते, तिथं थोडा कडकपणा पाहिजेच राहते, पण त्यातलं बिनगोंदाचं घ्या. मशीन एम्ब्रॉयडरीवाले कपड्याखाली फाडून काढायचा जो पांढरा बॅकिंग लावतात तो कागदापेक्षा कितीतरी बरा, सुईलाही सोपा, फक्त पैसे लागतात.

आणि लग्नात मिळतात त्या नॉनवोव्हन पिशव्या! दिसायला अगदी पेस्टिंगसारख्या म्हणून मी मागच्या मे महिन्यात चार पिशव्या उसवून चौकोन कापले. गरमीमुळे सकाळी सहालाच इस्त्री घेऊन बसले होते, दुसऱ्या पट्टीला इस्त्री टेकवली आणि खालून वास आला, उचलली तर पिशवीचं हिरवं प्लास्टिक तारेसारखं इस्त्रीच्या तळाला चिकटून वर आलं, सोबत मावशीच्या पैठणीच्या ब्लाऊजपीसची पट्टीही. या पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या राहतात, सुती कपड्याच्या इस्त्रीला वितळतातच. तळ साफ करायला अर्धा दिवस गेला.

एक अजून, कपड्याचा बेस ठेवलात तर मधे कापूस किंवा भरणी घालायलाच पाहिजे असं नाही. पट्ट्या, बेस आणि मागचं अस्तर एवढ्यावर आपलं फेब्रुवारी-मार्चचं भागते, कूलर लावल्यावर पहाटे पायावर ओढायला तर हीच बरी. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीसाठी करायची असेल तर भरणी घाला, पण मग बेस मलमलचाच ठेवा, मांजरपाट आणि भरणी दोन्ही घातलं की ओली गोधडी बादलीतून उचलायला दोन माणसं लागतात.