दुर्बिणीत सगळं नॉर्मल, पण आवाज बसलेला? मग स्ट्रॉ आणि ग्लासभर पाणी घ्या

आधी एक सांगते, आवाज बसून चार आठवडे होत आले तर काढा आणि ज्येष्ठमध चघळत बसू नका, ईएनटीकडे जाऊन दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या. तंबाखू-सिगरेट असेल, गिळताना त्रास होत असेल, मानेला गाठ लागत असेल किंवा दम लागत असेल तर तेवढंही थांबायचं नाही. खालचं सगळं "स्वरतंतू छान आहेत, गाठ नाही, सूज नाही" असं सांगून ज्यांना स्पीच थेरपिस्टकडे पाठवलंय त्यांच्यासाठी.

माझंही तेच. पाचवीचा वर्ग, 60 पोरं, वर खडखडणारा पंखा, सर्दीत ओरडत राहिले, सर्दी गेली पण आवाज काही आला नाही. घरच्यांना वाटलं टेन्शन घेतेय, शेजारणीला वाटलं नाटक करतेय. नाटक नसतं हो ते! गळ्याचे स्नायू इतके आवळून बसतात की तंतू नीट थरथरतच नाहीत, आणि आवाज निघत नाही म्हणून आपण अजून जोर लावतो, की ते अजून आवळतात.

थेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "खोकून दाखवा." खोकले तर खणखणीत आवाज! म्हणजे यंत्र चालू होतं, फक्त बोलायला गेलं की अडकत होतं. तिथून मग खोकला, मग "हम्म", मग शब्द असं चढत गेलो.

घरी करायचं ते असं. अर्धा ग्लास पाणी, स्ट्रॉचं टोक दोनेक सेंटीमीटर बुडवायचं, ओठ घट्ट मिटून नाकावाटे हवा न जाऊ देता "ऊऊ" करत बुडबुडे काढायचे. नुसती फुंकर नको, गळ्यावर हात ठेवला तर थरथर लागली पाहिजे. खांदे खाली, जबडा सैल. सवय झाली की सायरनसारखा आवाज वर-खाली न्यायचा. दोन-तीन मिनिटं पुरे, पण दिवसातून पाच-सहा वेळा, रविवारी एकदम अर्धा तास करून काही होत नाही. लगेच ओठ मिटून "म्म्म", ओठांना गुदगुल्या झाल्या की तसंच पुढे "मामा", "मावशी", "मला मेथी मिळाली". गुदगुल्या गेल्या की मागे फिरायचं, परत "म्म्म".

गळ्याचा मसाज असतो तो थेरपिस्टकडूनच शिका, व्हिडिओ बघून गळा दाबत बसू नका.

आणि कुजबुजू नका! मला वाटायचं त्याने घशाला आराम मिळतो, पण बऱ्याच जणांचा गळा कुजबुजताना अजूनच आवळतो. सारखं खाकरणंही बंद, खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्यायचा. मी आता वर्गात पोरं गप्प करायला डस्टर टेबलावर दोनदा आपटते, तिसऱ्यांदा सहसा लागत नाही.