डास पळवणारं तेल घरी करताय? या चुका टाळा

सिट्रोनेलाचे (गवती चहाच्या जातीच्या एका गवताच्या सुगंधी तेलाचे) वीस थेंब पाण्यात टाका, बाटली हलवा आणि फवारा. पावसाळा लागला की ही कृती घरोघरी फिरते आणि ती मुळातच चुकीची आहे.

तेल पाण्यात विरघळत नाही. हलवल्यावर पाणी दुधाळ दिसतं आणि थोड्याच वेळात तेल परत वर तरंगतं. स्प्रेची नळी बाटलीच्या तळाला टेकलेली असते, त्यामुळे सुरुवातीचे फवारे जवळजवळ नुसत्या पाण्याचे निघतात. बाटली संपत आली की वरचा तेलाचा थर नळीत शिरतो आणि जवळपास निर्भेळ तेल अंगावर पडतं. लेकरांच्या मानेवर लाल चट्टे उठतात ते बहुतेकदा या शेवटच्या फवाऱ्यांमुळे. मग ‘नैसर्गिक असून त्रास कसा झाला’ असा प्रश्न पडतो. नैसर्गिक असलं तरी ते अर्क आहेत, त्वचेला पोळतात.

स्प्रेच हवा असेल तर पॉलिसॉर्बेट 20, म्हणजे तेल पाण्यात मिसळून ठेवणारा द्रव, लागतं. सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे ते मिळतं. कोरड्या बाटलीत 2 मिली तेल आणि 8 मिली पॉलिसॉर्बेट आधी एकजीव करा, मग उकळून गार केलेलं 90 मिली पाणी थोडं थोडं ओता. हा क्रम उलटा करू नका, पाणी आधी गेलं की मिश्रण फाटतं. यात टिकाऊपणासाठी काहीच घातलेलं नसतं, म्हणून फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा.

खरं सांगायचं तर अंगाला लावण्यासाठी स्प्रेच्या नादी लागूच नये. 98 मिली खोबरेल तेलात 2 मिली सिट्रोनेला, बस. थेंब मोजत बसू नका. प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा पडतो. मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा, मिलीचा हिशेब चोख राहतो. गवती चहाचं किंवा लवंगेचं तेल वापरणार असाल तर 100 मिलीला अर्धा मिलीच्या पुढे जाऊ नका, दोन्ही फार लवकर चुरचुरतात. ‘थोडं जास्त घातलं तर जास्त वेळ टिकेल’ हा उतावळेपणा सगळ्यात महागात पडतो. प्रमाण वाढवलं की त्वचेचा त्रास नक्की वाढतो, संरक्षण त्या हिशेबात वाढत नाही. सिट्रोनेला उडून जाणारं तेल आहे. पंख्याखाली आणि घामात ते तासाभरात ओसरतं, म्हणून पुन्हा लावावंच लागतं. नाकाला वास येतोय म्हणजे डास चावणार नाही, असंही नाही. लावल्यावर लगेच चादर ओढून घेऊ नका. आधी तेल अंगात जिरू द्या, नाहीतर सुती चादरीवरचे डाग सहज निघत नाहीत.

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला एक टिपका लावून 24 तास थांबा. यात घाई नको.

डासांच्या मशीनच्या रिकाम्या रिफीलमध्ये कापूर

हा प्रकार तर तातडीने थांबवायला हवा. रिकाम्या रिफीलमध्ये कापराचा चुरा, नीलगिरी, खोबरेल आणि वर टर्पेंटाइन घालायचं, की महिनाभराची सोय झाली, असं सांगितलं जातं. जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमध्ये याच मिश्रणाने काही रात्रींत वात काळीठिक्कर पडली, प्लगच्या वरच्या भिंतीवर काजळीचा पट्टा उमटला आणि घरातल्यांना सकाळी जळका वास आला तेव्हा कुठे मशीन बंद झालं. निभावलं ते नशिबाने.

कारण साधं आहे. ती वात आणि तो तापक एका ठरावीक पातळ द्रावणासाठी बनवलेले असतात. खोबरेल उडून जात नाही. ते वातीत साचतं, चिकट होतं आणि करपतं. कापूर वातीच्या टोकावर पुन्हा स्फटिक होऊन बसतो आणि वाट बुजवतो. टर्पेंटाइनची वाफ तर साधारण 35 अंशांनाच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे मे महिन्यात सोलापुरातली दुपारची हवासुद्धा त्याहून तापलेली असते. नीलगिरी पन्नाशीच्या आसपास, कापूर पासष्टीच्या. असलं मिश्रण रात्रभर तापकावर ठेवून, दारं-खिडक्या लावून झोपायचं? शिवाय रिकाम्या रिफीलमध्ये मूळ कीटकनाशकाचा अंश उरलेलाच असतो, म्हणजे ते नैसर्गिकही राहत नाही. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, त्यामुळे ती बाटली त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवणंही धोक्याचं.

तेलाचा वास खोलीत हवाच असेल तर कापसाच्या बोळ्यावर दोन-तीन थेंब टाकून तो खिडकीच्या जाळीपाशी, लेकरांच्या हाताबाहेर ठेवा.

थोडक्यात, पण महत्त्वाचं

साधी नीलगिरी आणि लेमन युकॅलिप्टस ही वेगळी झाडं आहेत. डासांविरुद्ध ज्याचं नाव घेतलं जातं ते लेमन युकॅलिप्टसच्या पानांपासून प्रक्रिया करून काढलेलं, पीएमडी हा डास दूर ठेवणारा घटक असलेलं तेल, आणि तेही तीन वर्षांखालच्या मुलांना लावायचं नाही. लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजून काळी पडते. तान्ह्या बाळाला यातलं काहीही नको, मच्छरदाणी लावा. घरात मांजर असेल तर टी ट्री तेल आणूच नका. बाटली गडद काचेची घ्या आणि गार, अंधाऱ्या जागी ठेवा. उन्हाळ्यात माळ्यावर राहिलेलं टी ट्री किंवा लिंबाचं तेल हवेने बिघडतं आणि मग जास्त खाजवतं.

तेलात भेसळ आहे का, हे पाहायला कोऱ्या कागदावर एक थेंब टाका. दुसऱ्या दिवशी तेलकट पारदर्शक डाग राहिला तर त्यात दुसरं तेल मिसळलेलं आहे. बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नाव नसेल तर घेऊ नका.

आणि हे सगळं नीट करूनही दारातलं बॅरल उघडं असेल तर मेहनत पाण्यात. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून साठवण्याला पर्याय नाही. डेंग्यूचा डास नेमका या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, चावतोही दिवसा, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा बॅरल रिकामं करून आतली कड काथ्याने घासा. अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, नुसतं विसळून निघत नाहीत आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. वर नुसती फळी टाकू नका, कडेने फट राहते. जुन्या धोतराचं कापड ताणून सायकलच्या ट्यूबच्या रबराने आवळून बांधा, आणि ते मध्ये झोल पडून पाण्याला टेकणार नाही एवढं बघा.