कोड घेतला, पण सांभाळणार कोण? या चुका टाळा

बिलं बनवणाऱ्या एका छोट्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या) प्रोजेक्टवर आम्ही तिघं फावल्या वेळात काम करतो. एकदा एका मुलाने विंडोजसाठी इन्स्टॉलर लिहून पाठवला. कोड नेटका, सोबत टेस्टही. ‘भारी!’ म्हणत आम्ही दहा मिनिटांत मर्ज केला, म्हणजे आमच्या कोडमध्ये सामावून घेतला. तिघांपैकी एकाकडेही विंडोजचं मशीन नव्हतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आठ महिन्यांनी इन्स्टॉलर बंद पडला. तोवर त्या मुलाला नोकरी लागलेली, त्याचं उत्तर येईना, आणि रोजच्या तक्रारी आमच्या नावावर. फुकटचा हत्ती आम्हीच दारात बांधून घेतला होता.

फक्त कोड बघून मर्ज करणं

कोड कसा आहे हे सगळेच तपासतात. त्याआधी दोन प्रश्न विचारा: हे बिघडलं तर कोण बघणार? आणि चालवून बघायची सोय कुणाकडे आहे? उत्तर मिळालं नाही, तर ‘वेगळं प्लगइन (बाहेरून जोडायचा भाग) कर, आम्ही लिंक देतो’ म्हणा. एवढ्या कष्टाने पाठवलेल्याला नाही म्हणणं जिवावर येतं, मान्य. पण मर्ज केल्यावर तो कोड तुमचाच.

पाठवणाऱ्यांनीही ‘मला पुढे वेळ देता येणार नाही’ हे आधीच लिहावं. त्यात कमीपणा नाही.

कोण काय बघतं, हे कुठेच न लिहिणं

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, मेंटेनर्स (सांभाळणारे) नावाची एक साधी टेक्स्ट फाइल आहे. प्रत्येक भागापुढे बघणाऱ्याचं नाव, फाइलींचा पत्ता आणि स्थिती. कुणी पगारावर बघत असेल तर ‘सपोर्टेड’, जमेल तेव्हा जुजबी दुरुस्ती होत असेल तर ‘ऑड फिक्सेस’, वाली नसेल तर चक्क ‘ऑर्फन’. तुमच्या प्रोजेक्टला अशा दहा ओळी पुरतील. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारातही पॅकेज (तयार सॉफ्टवेअरचा गठ्ठा) अनाथ झालं की तसं जाहीर होतं, म्हणजे कुणाला तरी ते दत्तक घेता येतं.

मेलेला कोड तसाच ठेवणं

‘कुणीतरी वापरत असेल’ या भीतीने तो राहतो आणि प्रत्येक रिलीजला आडवा येतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने 2022 मध्ये 3.11 आवृत्तीत जुन्या मॉड्यूल्सबद्दल (सोबत येणाऱ्या तयार कोडच्या तुकड्यांबद्दल) इशारा दिला आणि 2024 च्या 3.13 मध्ये 19 मॉड्यूल्स काढून टाकली. आधी इशारा, मग मुदत, मग कात्री. हाच क्रम ठेवा.

दमल्यावर किल्ल्या कुणाच्याही हाती देणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 2018 मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या मूळ लेखकाने, मदत करतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला हक्क दिले. त्याने बिटकॉइन चोरणारा कोड घुसवला. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या सॉफ्टवेअरचं प्रकरण त्याहून बेरकी. तिथे एकट्याने काम ओढणाऱ्या मेंटेनरवर ‘पॅच (कोडमधले बदल) का अडकलेत’ अशा ईमेलचा मारा झाला आणि बराच काळ पॅच पाठवून विश्वास कमावलेल्याला रिलीजचे हक्क मिळाले. मार्च 2024 मध्ये त्याने घुसवलेला चोरदरवाजा सापडला, तो आंद्रेस फ्रॉइंड हे इंजिनिअर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे शोधत गेले म्हणून. दमला असाल तर ‘प्रोजेक्ट थांबवलाय’ असं लिहा आणि खुशाल झोपा. हक्क द्यायचेच असतील तर टप्प्याटप्प्याने द्या, रिलीजचे सगळ्यात शेवटी.

आमच्या इन्स्टॉलरचं काय? त्याच्या पानावर वरच लिहिलं, ‘याला सध्या वाली नाही.’ दीड महिन्याने एका हिशेबनिसाचा मेसेज आला: ‘मला कोडमधलं काही कळत नाही, पण दर रिलीजला विंडोजवर चालवून सांगितलं तर चालेल का?’

चालेल? धावेल!