वेबर: ट्रान्सफॉर्मरचे वेढे काढताना आणि चुंबक मोजताना

चुंबकीय फ्लक्सचं, म्हणजे एखाद्या क्षेत्रफळातून जाणाऱ्या एकूण चुंबकत्वाचं, एकक वेबर. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म वेबर (१८०४–१८९१) यांच्यावरून हे नाव पडलं. हिशेबाला बसताना एवढं धरून ठेवा: एक वेबर म्हणजे एक व्होल्ट-सेकंद. तारेच्या एकाच वेढ्यातून जाणारा एक वेबर फ्लक्स एका सेकंदात सारख्या गतीने शून्यावर आला, तर त्या वेढ्यात तेवढा वेळ एक व्होल्ट निर्माण होतो. टेस्ला म्हणजे दर चौरस मीटरला एक वेबर. म्हणून टेस्लाला क्षेत्रफळाने गुणलं की वेबर मिळतात.

प्रत्यक्षात एक वेबर फारच मोठा. घरगुती ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये, म्हणजे वेढ्यांच्या आतल्या लोखंडी गाभ्यात, एक-दोन मिलिवेबरच असतात.

समजा, स्टॅम्पिंगची (कोअरसाठी कापलेल्या पातळ पत्र्याची) मधली पट्टी ३२ मिलिमीटर रुंद आहे आणि अशा पत्र्यांचा थर ४० मिलिमीटर उंच. क्षेत्रफळ १२.८ चौरस सेंटिमीटर. पत्र्यांमधल्या फटी आणि वार्निशपोटी ०.९५ ने गुणा: १२.१६. साध्या सिलिकॉन स्टीलला १.२ टेस्ला कमाल धरा. १.२ × ०.००१२१६ = ०.००१४६ वेबर, म्हणजे सुमारे १.४६ मिलिवेबर. आता सूत्र:

व्होल्ट = ४.४४ × वारंवारता × वेढे × कमाल फ्लक्स

५० हर्ट्झला प्रत्येक वेढ्यामागे ०.३२४ व्होल्ट येतो, म्हणून २३० व्होल्टच्या प्रायमरीला (लाईनला जोडायच्या वाइंडिंगला) ७१० वेढे. १२ व्होल्टच्या सेकंडरीला (लोडकडच्या वाइंडिंगला) ३७ निघतात. लोडवर व्होल्टेज पडतं म्हणून पाच टक्के वाढवून ३९ घाला.

तार वाचवायला १.६ टेस्ला धरण्याचा मोह आवरा. लाईन २५३ व्होल्टवर गेली की तोच कोअर १.७६ टेस्लावर जातो, सॅच्युरेट होतो (आणखी फ्लक्स फारसा घेऊ शकत नाही), आणि लोड नसतानाही प्रायमरी गुणगुणत तापते. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर त्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर लावला तरी फ्लक्स २० टक्क्यांनी वाढतो, दुखणं तेच. चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरला ४.४४ च्या जागी ४ घ्यायचे, म्हणजे वरच्याच कोअरला सुमारे ७८८ वेढे.

जुन्या तक्त्यांत गॉस आणि मॅक्सवेल ही जुनी एककं भेटतात. १०,००० गॉस म्हणजे एक टेस्ला. गॉस गुणिले चौरस सेंटिमीटर म्हणजे मॅक्सवेल, आणि एका वेबरमध्ये १० कोटी मॅक्सवेल. टेस्ला आणि चौरस सेंटिमीटर थेट गुणले तर उत्तर दहा हजार पटींनी चुकतं. ही चूक बरी, कारण पाव वेढाही न निघाल्यावर कोणीही थांबतो. छुपी चूक वेगळी: ४.४४ या आकड्यात फ्लक्सचं शिखर आणि व्होल्टेजचं आरएमएस मूल्य (मल्टिमीटर दाखवतो ते परिणामी मूल्य) आधीच जुळवलेलं आहे. फ्लक्सही आरएमएस घातलात तर वेढे ४१ टक्के जास्त निघतात. ट्रान्सफॉर्मर चालतो, पण बॉबिनमध्ये (तार गुंडाळायच्या साच्यात) तार मावत नाही.

तयार ट्रान्सफॉर्मरचा फ्लक्स साध्या मल्टिमीटरनेही कळतो. सप्लाय बंद करा, वाइंडिंगवरून इन्सुलेटेड तारेचे १० वेढे घ्या, सप्लाय चालू करून एसी व्होल्ट वाचा. ३.२४ आले तर दर वेढ्याला ०.३२४, त्याला २२२ ने (४.४४ × ५०) भागलं की १.४६ मिलिवेबर. वेढा कोअरच्या खिडकीतून (मोकळ्या जागेतून) आत गेला तेवढ्या वेळा मोजायचा, बाहेरून दिसतो तेवढ्या नाही. रिवाइंडिंगला आलेल्या, पण अजून चालू असलेल्या ट्रान्सफॉर्मरचे मूळ वेढेही असेच काढता येतात.

कायमचुंबकाला ही युक्ती चालत नाही. फ्लक्स स्थिर, म्हणून कॉइलमध्ये व्होल्टेज नाही. १०० वेढ्यांची कॉइल चुंबकाच्या मध्यावर घट्ट बसवा, स्टोरेज ऑसिलोस्कोपला (व्होल्टेजचा आलेख साठवून दाखवणाऱ्या यंत्राला) जोडा, आणि कॉइल ओढून निदान अर्धा मीटर लांब न्या. पडद्यावरच्या वक्राखालचं क्षेत्रफळ, समजा, ३१ मिलिव्होल्ट-सेकंद आलं. १०० ने भागा, ०.३१ मिलिवेबर. हळू ओढलं काय नि झटक्यात ओढलं काय, उत्तर तेच यायला हवं. वेगानुसार बदलत असेल तर बहुतेक वेळा इनपुटचा ऑफसेट (सिग्नल नसतानाही दिसणारं थोडं व्होल्टेज) कारण असतो: अर्धा मिलिव्होल्ट ऑफसेट दहा सेकंदांत ५ मिलिव्होल्ट-सेकंद खोटे जमवतो. कॉइल न हलवता तेवढाच वेळ रेकॉर्ड करा आणि ते क्षेत्रफळ वजा करा. कॉइल चुंबकापेक्षा बरीच मोठी असेल, तर बाहेरून परतणारा फ्लक्सही तिच्यात शिरतो आणि आकडा कमी येतो.