वाक्प्रचारांच्या वाटेने इंग्रजी शिकताना

मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि नोकरीनिमित्त रोज इंग्रजीशी संबंध येणाऱ्या माणसाला व्याकरणाचे नियम बहुधा ठाऊक असतात, शब्दसंग्रहही बेताचा नसतो. तरीही बैठकीत समोरचा मोकळेपणाने बोलू लागला की ओळखीच्याच शब्दांतून अनोळखी अर्थ निघू लागतो आणि बोलण्याचा धागा हातून सुटतो. अशा वेळी शेकडो वाक्प्रचारांची अर्थासह छापलेली यादी पाठ करण्याचा मोह होतो, तो टाळावा. यादीतला वाक्प्रचार परीक्षेपुरता लक्षात राहतो, बोलताना मात्र ओठांवर येत नाही आणि आलाच तर चुकीच्या ठिकाणी येतो. आठवड्याला दोन-तीनच घ्यावेत, पण प्रत्येकाची नीट विचारपूस करावी: तो कोणत्या व्यवहारातून आला, आज तो कोण कोणाशी बोलताना वापरतो, आणि त्यातले कोणते शब्द बदलतात व कोणते बदलत नाहीत.

आपल्याकडच्या शिकणाऱ्याने सुरुवात क्रिकेटपासून करावी, कारण खेळ आधीच ठाऊक असल्याने अर्धे काम झालेले असते. 'टु बी ऑन अ स्टिकी विकेट' म्हणजे अडचणीत सापडणे. पूर्वी इंग्लंडमध्ये खेळपट्ट्या झाकून ठेवत नसत. पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर ऊन पडले की ती वाळता वाळता चिकट होई, चेंडू कधी अचानक उसळे, कधी भलताच वळे, आणि उत्तम फलंदाजालाही पुढचा चेंडू कसा येईल हे सांगता येत नसे. खेळपट्ट्या झाकण्याची पद्धत रूढ झाल्यावर ही अवस्था मोठ्या सामन्यांतून जवळजवळ नाहीशी झाली, पण भाषेत ती टिकून आहे. हे चित्र डोळ्यांसमोर असले की या वाक्प्रचारातली अडचण नेमकी कशी आहे तेही उमगते: पायाखालची जमीनच भरवशाची नाही, आणि तरीही खेळत राहणे भाग आहे.

मात्र खेळ ठाऊक असल्याचा भरवसा एका ठिकाणी दगा देतो. 'द न्यूज नॉक्ड हर फॉर सिक्स' हे वाक्य ऐकले की षटकाराच्या आठवणीने आपल्याला ती बातमी आनंदाची वाटते. ब्रिटिश माणसाच्या लेखी तिचा अर्थ नेमका उलटा आहे: त्या बातमीने ती पार हादरून गेली. येथे षटकार मारणाऱ्या फलंदाजाच्या बाजूने विचार केलेला नाही. माणूस थेट सीमारेषेपार भिरकावल्या गेलेल्या चेंडूच्या जागी आहे. म्हणून परिचित वाटणाऱ्या वाक्प्रचाराचाही अर्थ शब्दकोशात पाहिल्याशिवाय गृहीत धरू नये.

ज्यांचा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या ग्राहकांशी चालतो, मग ते हिंजवडीत बसून असो की न्यू जर्सीत राहून, त्यांना क्रिकेटपेक्षा बेसबॉल अधिक उपयोगी पडेल. 'लेट अस टच बेस नेक्स्ट वीक' म्हणजे पुढच्या आठवड्यात थोडक्यात बोलून घेऊ. 'अ बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा. 'ही थ्र्यू मी अ कर्व्हबॉल' म्हणजे त्याने अनपेक्षित पेच टाकला. बेसबॉलचे सगळे नियम शिकण्याची गरज नाही. धावणाऱ्याला पुढे जाताना प्रत्येक बेसला, म्हणजे मैदानातल्या ठरावीक टप्प्याला, स्पर्श करावा लागतो आणि कर्व्हबॉल म्हणजे हवेत वळणारी फेक, एवढे कळले तरी बरेच वाक्प्रचार आपोआप उलगडतात. दोन देशांतला हा फरक कधी कधी महागात पडतो. सभेत एखादा प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत तो चर्चेला घेणे, तर अमेरिकन इंग्रजीत तो बाजूला ठेवणे. त्यामुळे वहीत प्रत्येक वाक्प्रचारापुढे तो कोठला आहे याची नोंद अवश्य करावी.

आता व्याकरणाकडे वळू. आपण 'त्याने माझ्या तोंडाला पाने पुसली' असे म्हणतो. त्यात 'त्याने' ऐवजी 'त्यांनी' चालते, 'पुसली' ऐवजी 'पुसतील' चालते, पण 'पान पुसले' असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीतही हेच घडते. मरणे या अर्थाच्या 'किक द बकेट' यात क्रियापद काळानुसार बदलते, परंतु 'द' च्या जागी 'अ' घातला की खरोखरच्या बादलीला लाथ मारल्याचा अर्थ होतो, आणि 'द बकेट वॉज किक्ड' असा कर्मणी प्रयोग केला तरी मृत्यूचा अर्थ उरत नाही. याउलट गुपित फोडणे या अर्थाच्या 'स्पिल द बीन्स' चा कर्मणी प्रयोग, 'द बीन्स वेअर स्पिल्ड', सहज चालतो. कोणता वाक्प्रचार किती लवचीक आहे हे नियमाने सांगता येत नाही. उदाहरणे पाहूनच ते अंगवळणी पडते.

क्रियापदाला 'अप', 'ऑफ', 'आउट' असे छोटे शब्द जोडून होणारे प्रयोग पुष्कळांना छळतात. मराठी माणसाने त्यांना बिचकण्याचे कारण नाही. 'करून टाक', 'करून ठेव', 'करून बघ' यांत मूळ क्रिया एकच असूनही दुसऱ्या क्रियापदाने अर्थाची छटा पालटते, हे आपण लहानपणापासून जाणतो. 'ईट अप' आणि 'यूज अप' मधला 'अप' असाच क्रिया पुरती संपल्याचे सांगतो. लक्षात ठेवायचा तो शब्दक्रम. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' ही दोन्ही रूपे बरोबर आहेत, पण सर्वनाम आले की ते मध्येच बसते: 'पुट इट ऑफ'. 'लुक आफ्टर' मात्र कधीच फुटत नाही. 'लुक आफ्टर हर' असेच म्हणावे लागते.

यासाठी इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी रचलेला जाडजूड कोश न घेता शिकणाऱ्यांसाठी रचलेला घ्यावा. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह असा कोश तयार केला, तो १९४२ मध्ये तेथे प्रसिद्ध झाला आणि त्यातूनच आजचा ऑक्सफर्डचा विद्यार्थी कोश घडला. या कोशात, 'पुट ऑफ' सारखा प्रयोग मध्ये फोडता येत असेल तेथे, दोन्ही टोके असलेला बाण छापलेला असतो. शिवाय 'अनौपचारिक', 'जुनाट', 'अपमानकारक' अशा अर्थाच्या खुणाही असतात. 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' आपल्या शाळांनी घरोघर पोहोचवले, पण आजच्या बोलण्यात 'इट इज पोअरिंग' कितीतरी अधिक स्वाभाविक वाटते.

काळांचा सराव गोष्टींतून करावा, आणि त्यासाठी इसापच्या गोष्टींइतके सोयीचे काही नाही, कारण कथानक आधीच माहीत असल्याने सगळे लक्ष भाषेवर राहते. 'क्राय वुल्फ' ज्या गोष्टीतून आला ती 'लांडगा आला रे आला' ची गोष्ट सोप्या इंग्रजीत वाचावी, पुस्तक मिटावे आणि मोठ्याने सांगावी. 'द बॉय वॉज वॉचिंग द शीप' हे पार्श्वभूमीचे वाक्य झाले. 'ही शाउटेड', 'द व्हिलेजर्स केम रनिंग' या एकामागून एक घडणाऱ्या क्रिया झाल्या. आणि 'व्हेन द वुल्फ रिअली केम, नोबडी बिलीव्ह्ड हिम, बिकॉज ही हॅड लाइड बिफोर' येथे 'हॅड' लागला, कारण खोटे बोलणे आधी घडले होते.

या 'हॅड' पाशी थोडे थांबावे. मराठीत 'मी काल पुण्याला गेलो होतो' हे साधे, सरळ विधान आहे. त्या 'होतो' मुळे आपण 'आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे' म्हणून बसतो, जेथे 'आय वेन्ट टु पुणे यस्टरडे' एवढेच हवे असते. तसेच 'मी त्याला काल पाहिले आहे' हे मराठीत खटकत नाही, पण 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' इंग्रजीत चुकीचे ठरते. 'काल' सारखा संपलेला काळ सांगितला की 'हॅव' जातो. आपल्या इंग्रजीतल्या अनेक चुका अशा आपल्याच भाषेच्या चांगल्या सवयींतून आलेल्या असतात, म्हणून त्या सुधारताना मराठीचे वाक्य शेजारी लिहून दोन्ही पडताळून पाहावीत.

सर्वांत कमी शिकवली जाणारी गोष्ट म्हणजे आदर. आपल्याकडे 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतून, तसेच क्रियापदाच्या रूपातून मान राखला जातो. इंग्रजीत सर्वांना 'यू' एकच, त्यामुळे तो मान वाक्याच्या घडणीत शिरतो. 'ओपन द विंडो, प्लीज' यात 'प्लीज' असूनही तो हुकूमच वाटू शकतो. 'कुड यू ओपन द विंडो?' अधिक मृदू आहे, आणि 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड सेंड मी द फाइल' यात भूतकाळाचा काळाशी काही संबंध नसून ऐकणाऱ्याला नकार द्यायला जागा ठेवलेली असते. 'वुड यू माइंड वेटिंग?' असे कोणी विचारले आणि थांबायची तयारी असेल, तर उत्तर 'येस' नव्हे, 'नॉट ॲट ऑल' असे द्यावे, कारण प्रश्न हरकत आहे का असा आहे.

वहीतल्या प्रत्येक नोंदीखाली कोशातले उदाहरण न उतरवता आपल्या कामातले खरे वाक्य लिहावे आणि आठवड्याने ते न पाहता बोलून पाहावे. समजण्यासाठी भरपूर वाक्प्रचार जमवावेत. वापरण्यासाठी मात्र निरनिराळ्या दोन-तीन माणसांच्या तोंडून ऐकलेलेच निवडावेत. नोकरीचा अर्ज, तक्रार किंवा कराराचा मसुदा लिहिताना साधी भाषा ठेवावी, आणि शोकसंदेशात 'किक द बकेट' ची तर आठवणही होऊ देऊ नये. तेथे 'पास्ड अवे' किंवा सरळ 'डाइड' लिहावे.