जुन्या कुलपाला नवी किल्ली: शिकणाऱ्यांसाठी

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मिळणारी पितळी कुलपं बहुतेक बंद आणि बिनकिल्लीची असतात. म्हणून घरातल्या किल्ल्यांचा जुडगा एकेक करून फिरवत बसू नका. बरीच कुलपं त्यानेच बिघडतात: चुकीची किल्ली जोरात फिरली की लिव्हर, म्हणजे किल्लीने उचलली जाणारी आतली पट्टी, वाकतो.

आधी सफाई. भोकातली माती टाचणीने सैल करून झटका, रॉकेलचे चार-पाच थेंब सोडा, रात्रभर ठेवा. मग उलटं करून निथळू द्या आणि पुरतं वाळू द्या. ओल राहिली तर पुढे किल्लीवर चढवायची काजळी फिसकटते. कुलूप तापवू नका, आतल्या स्प्रिंगचं पाणी उतरतं.

टॉर्च मारून पाहा. मधोमध खुंटी दिसली तर किल्ली पोकळ नळीची हवी. खुंटीची जाडी, खाचेची रुंदी आणि खोली व्हर्नियरने मोजा. कोरी, म्हणजे दाते न कापलेली, किल्ली पितळेची घ्या, खुणा चटकन उमटतात. बारीक कानशी रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतात.

किल्लीचं पातं मेणबत्तीवर धरून काजळी चढवा. आत घाला, अडेल तिथपर्यंत दोन बोटांनी हलकेच फिरवा, सरळ बाहेर काढा. काजळी पुसून जिथे पितळ चमकतं, तिथेच कानस. साध्या, बिनलिव्हरच्या कुलपात आतल्या न हलणाऱ्या पट्ट्या अडवतात. त्यांच्या जागी खाच पडली की काम झालं.

लिव्हरच्या कुलपात खरी परीक्षा. प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीवर उचलला गेला तरच खिट्टी सरकते. पातं उंच ठेवून सुरुवात करा आणि एका वेळी फार तर 0.1 मिमी घासा. जास्त घासलं तर तो लिव्हर कमी उचलला जातो, आणि घासलेलं पितळ परत येत नाही. नवी कोरी किल्ली घ्यायची. दोन बोटांपेक्षा जास्त जोर लागला की थांबा, पितळ आतच तुटतं. कुलपावर ‘6 लिव्हर’ कोरलेलं असलं तरी खुणा मोजूनच विश्वास ठेवा.

पेचाच्या कुलपाला, म्हणजे ज्याची किल्ली स्क्रूसारखी आट्यांची असते त्याला, ही रीत चालत नाही. मऊ लाकडाची काडी भोकात फिरवून आट्यांचा ठसा घ्या आणि तसा पेच खराद्याकडून कापून घ्या.

उघडल्यावर कडी लगेच दाबू नका. उघड्या कुलपातच किल्ली दहा-बारा वेळा फिरवून पाहा, ग्राफाइट पावडर सोडा, आणि पितळी किल्लीवरून पोलादी किल्ली करून मगच बंद करा.