डिस्टेंपरचा विषाणू मेंदूत कसा टिकतो: या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

सोलापुरातील माझ्या दवाखान्यात एका आजींनी त्यांची गावठी कुत्री आणली होती. दीड महिन्यापूर्वी तिला ताप येऊन डोळ्यांतून आणि नाकातून चिकट स्राव वाहत होता; पुढे ताप उतरला, ती भाकरी खाऊ लागली, आणि आता तिच्या डाव्या जबड्याचा स्नायू, ती गाढ झोपेत असतानाही, ठरावीक लयीत आखडत होता. आजींनी विचारले, "डॉक्टर, ताप जाऊन महिना झाला की, मग हे आता कुठनं आलं?" या एका प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यात माझ्या पदव्युत्तर शिक्षणाची दोन वर्षे गेली, आणि नव्याने या विषयाकडे येणाऱ्यांनी सुरुवातही याच प्रश्नापासून करावी असे मला वाटते.

आजींच्या कुत्रीला झाला होता तो डिस्टेंपर, कुत्र्यांचा एक संसर्गजन्य रोग. त्याचा विषाणू गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग आहे. त्याच्या सुमारे १५,७०० घटकांच्या आरएनएमध्ये, म्हणजे त्याच्या आनुवंशिक साहित्यात, केवळ सहा जनुके असतात, आणि पेशीत शिरण्याचे काम त्याच्या आवरणावरील दोन प्रथिने करतात: एच प्रथिन पेशीला चिकटते आणि एफ प्रथिन विषाणूचे व पेशीचे आवरण एकत्र जोडते. प्रतिकारशक्तीच्या पेशींवर एचला स्लॅम हा रिसेप्टर (चिकटण्याची जागा असलेले पेशीवरचे प्रथिन) मिळतो, तर श्वसनमार्ग आणि आतड्यांच्या अस्तरातील पेशींवर नेक्टिन-४ मिळतो. इथपर्यंतचा भाग कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतो. खरा कस लागतो तो मेंदूत. तेथील अॅस्ट्रोसाइट या आधारपेशींना लांब, फांद्यांसारखे तंतू असतात आणि ते शेजारच्या पेशींना भिडलेले असतात. चिवटपणे टिकून राहणारे विषाणूचे प्रकार या तंतूंतून एका पेशीतून दुसरीत सरकतात. मोकळे विषाणूकण फारच थोडे बाहेर पडतात, पेशी एकमेकींत विरघळून मोठे गोळे होत नाहीत आणि लगेच मरतही नाहीत.

जुन्या वाड्यांतून दोन घरांच्या सामाईक भिंतीला खिडकी असे. शेंगाचटणीची वाटी त्या खिडकीतून शेजारी जाई, आणि गल्लीत उभ्या असलेल्या माणसाला तिचा पत्ताही लागत नसे. प्रतिपिंडे म्हणजे त्या गल्लीतील पहारेकरी. रक्तात आणि पेशींबाहेरच्या द्रवात ती विषाणूला अडवतात. परंतु जो विषाणू द्रवात उतरतच नाही, त्याच्यापर्यंत ती कशी पोचणार? म्हणूनच कुत्रा बाहेरून बरा दिसत असताना मेंदूत संसर्ग पसरत राहू शकतो, चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण झिजत जाते, आणि आठवड्यांनंतर, क्वचित महिन्यांनंतर, स्नायूंचे आखडणे किंवा झटके सुरू होतात.

हे सारे मला पाठ होते, तरीही प्रयोगशाळेत मी चुकलो. एका आजारी कुत्र्याच्या नमुन्यावरून लावलेल्या पेशीसंवर्धनातील वरचा द्रव काढून मी तपासला, त्यात विषाणू जवळजवळ मिळाला नाही, आणि मी वहीत 'निगेटिव्ह' असे लिहून फ्लास्क टाकायला निघालो. माझ्या मार्गदर्शकांनी तो हातातून घेतला, तळाला चिकटलेल्या पेशी न हलवता जागीच स्थिर करायला लावल्या आणि त्यांवर विषाणूच्या प्रथिनाला ओळखणारी चकाकणारी प्रतिपिंडे टाकली. सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या पेशींची एक ओळ दिसली: मधली ठळक, बाजूच्या फिकट, आणि त्यांना जोडणारे बारीक हिरवे धागे. १९०५ मध्ये आंरी कारे यांनी हा रोग बारीक गाळणीतून पार होणाऱ्या स्रावातून पसरतो हे दाखवले, तेव्हापासून विषाणू द्रवातच शोधण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे. ती मोडावी लागते. द्रव आणि पेशी यांची तपासणी स्वतंत्रपणे करा, आणि वहीत दोन्हींचे निकाल वेगळे लिहा.

पेशींची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. लसीसाठी सौम्य केलेले प्रकार साध्या व्हेरो पेशींत (माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींत) सहज वाढतात आणि मोठे गोळे करतात, पण कुत्र्यातून थेट आलेल्या विषाणूला श्वानांचा स्लॅम रिसेप्टर बसवलेल्या व्हेरो पेशी लागतात. केवळ साध्या पेशींवर काम केलेला विद्यार्थी गोळे म्हणजेच संसर्ग असे समजून बसतो.

शिक्षणाच्या वाटेबद्दल थोडक्यात सांगतो. बारावीनंतर नीटच्या गुणांवर पशुवैद्यकीय पदवीला प्रवेश मिळतो. राज्यात त्यासाठी महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये आहेत, आणि सोलापूरकरांना त्यांतील शिरवळ व उदगीर ही तुलनेने जवळची पडतात. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर दोन वर्षे. ज्यांना पशुवैद्य व्हायचे नाही त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. करून यावे; मात्र पेशीजीवशास्त्राचा अभ्यास विषाणूशास्त्राच्या आधी पक्का करावा, कारण या विषयातील निम्मे कोडे विषाणूचे नसून पेशीच्या रचनेचे आहे.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगेन. मज्जासंस्थेची लक्षणे असलेला प्रत्येक कुत्रा, वेगळे सिद्ध होईपर्यंत, रेबीजचा असू शकतो असे धरून हाताळा, आणि अशा कामाला हात लावण्यापूर्वी रेबीजची प्रतिबंधक लस स्वतः घ्या. लसीकरणाचा इतिहास तारखांसह विचारा, कारण डिस्टेंपरची जिवंत लस नुकतीच दिली असेल तर विषाणूचा आरएनए शोधणारी आरटी-पीसीआर चाचणी त्या लसीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. केवळ नाकाच्या स्वॅबवर विसंबू नका. लघवी आणि शक्य असल्यास मेंदूमज्जाद्रवही घ्या.

आजींच्या कुत्रीला लस कधीच मिळाली नव्हती. तिच्या नाकाच्या स्वॅबमध्ये काही आढळले नाही, लघवीत विषाणूचा आरएनए मिळाला. आखडणे पूर्ण थांबणार नाही, हे मी आजींना स्पष्ट सांगितले. त्यांनी तिला घरी नेले, आणि पुढच्या भेटीत तिची अलीकडेच व्यालेली पिले टोपलीत घालून पहिल्या लसीसाठी आणली.